ओतूरचं लग्न आणि धोंडीबाचे प्रश्न

आळेफाट्यावरून माळशेज घाटाकडे निघालात की ओतूर लागतं. नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या देवळात होणाऱ्या तांदळाच्या पिंडींचे फोटो तरी पाहिले असतील. आज आपण याच ओतूरला जाणार आहोत, पण १८८० च्या दशकातल्या. विषय आहे बोलण्याचा. नुसतं बोलून माणसाचं मन बदलतं का? आणि बदललंच, तर त्याचा खर्च कोण सोसतं?

हल्ली 'माइंडसेट कोच' पैशाला पासरी झालेत. पण त्यांचा पहिला नियम मला पटतो: समोरच्याला उपदेश पाजू नका, प्रश्न विचारा. हे काम आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये करून पाहिलं होतं, तेही नाटकात. नाटकाचं नाव 'तृतीय रत्न'. एका गरोदर कुणबी बाईला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोकडून पैसा, जेवणावळ सगळं उकळतो. मध्ये मध्ये विदूषक टोमणे मारत राहतो, पुढे एका पाद्र्याशी वादविवाद होतो आणि हळूहळू त्या जोडप्याच्या डोक्यात उजेड पडतो. शेवटी ती दोघं काय ठरवतात? जोशाला धडा शिकवायचं नाही. फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचं! दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं, यात नवल ते काय.

मग १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली. हे अख्खं पुस्तक म्हणजे जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. ब्रह्मदेवाच्या तोंडातून माणूस जन्मला म्हणता, मग त्या तोंडाला बाईसारखा विटाळ यायचा का? माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल? असे प्रश्न. पोथीतली गोष्ट घ्यायची आणि गोठ्यात, स्वयंपाकघरात रोज जे दिसतं त्याच्याशी ताडून बघायची, एवढीच युक्ती. ऐकणाऱ्याला संस्कृत यायची गरज नाही. गाय व्यायलेली पाहिली असली की पुरे.

माझं एक मत सांगून टाकतो. धोंडीबा फार सोयीचा गडी आहे. तो शंका काढतो, पण शेवटी मान डोलावतो. त्याला गावात राहायचं नसतं, पोरीचं लग्न करायचं नसतं. खरा शेतकरी वेगळा. त्याला तुमचं म्हणणं शंभर टक्के पटेल, आणि तरीही तो भटजीला बोलावेल. कारण उद्या भावकी काय म्हणेल?

म्हणून मला पुस्तकांपेक्षा त्यांचं जाहीर वाचन जास्त महत्त्वाचं वाटतं. १८८३ मध्ये फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि तो ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. कुठे कुठे, ते त्यांनी स्वतः नोंदवलंय. त्या यादीत पुणे, मुंबई, ठाणे आहेत, आणि जुन्नर आणि ओतूरही आहेत. आता डोळ्यांसमोर आणा. असूडच्या पहिल्या प्रकरणात शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मेल्यानंतरपर्यंत प्रत्येक विधीला घरातून काय काय जातं, याचा पाढाच आहे. ऐकणाऱ्याला नवीन काय कळणार? काहीच नाही. प्रत्येक पैसा त्यानंच तर दिलेला. फक्त तो सगळा खर्च एका दमात, चारचौघांत, मोठ्यानं वाचलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. शेजारी बसलेला माणूसही तेच ऐकतोय, त्याच्याही घरातून तेच गेलंय. एकट्याला कानात सांगून हे झालं नसतं.

याच ओतूरमध्ये बाळाजी कुसाजी पाटील नावाचे सत्यशोधक होते. त्यांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय घरचं लग्न लावलं. पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ लाच झालं होतं. पण पुणे ते पुणे. गावात जोशीपण हे वतन होतं, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. गावचे जोशी कोर्टात गेले आणि हे प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत पोचलं.

वकिली तपशिलात मी शिरत नाही, पण दाव्यातला प्रश्न ऐकाच: ज्यानं लग्न लावलंच नाही, त्याला लग्न लावल्याची दक्षिणा द्यायची का? आज हसू येतं. तेव्हा हा कायद्याचा गंभीर प्रश्न होता. मन बदलल्याचा खर्च तो हा. वकील, तारखा, खेटे. एकट्या धोंडीबाला हे झेपलं नसतं. पाठीशी सत्यशोधक समाज होता, म्हणून बोलण्याचं पुढे काही झालं.

आणि हे लग्नावरच थांबलं नाही. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली होती, कर्जाचे कागद जाळले होते. आपण शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकलो ते हेच. दहाएक वर्षांनी जुन्नर भागातल्या कुळांनी वेगळाच मार्ग धरला. आम्ही सावकारांच्या जमिनी कसणारच नाही, म्हणाले. जाळपोळ नाही, काही नाही. नांगर घरी ठेवला. हातावर पोट असलेल्या माणसानं पेरणीच्या दिवसांत नांगर घरी ठेवणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना मी काय सांगू?

जाता जाता त्या लग्नविधीबद्दल. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांतही संवादच आहे, नवरा-नवरी आळीपाळीनं बोलतात. नवरी सगळ्यांसमोर बायकांच्या हक्कांचं विचारते आणि नवऱ्याला शब्द द्यावा लागतो. म्हणजे इथे प्रश्न विचारणारी ती आहे, आणि ऐकायला सगळं वऱ्हाड.

दक्षिणेचा प्रश्न मात्र रेंगाळला. फुले १८९० मध्ये गेले. सी. के. बोले यांनी, म्हणजे आपल्या रावबहादूर सीताराम केशव बोल्यांनी, मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं आणि १९२६ मध्ये कायदा झाला: ज्या पुरोहिताला बोलावलंच नाही, त्याला दक्षिणा देणं बंधनकारक नाही.