अश्महत्यारांची ओळख

अश्महत्यारांची ओळख : माणसाने घडवलेला दगड आणि निसर्गतः फुटलेला दगड यांतला भेद ठरवण्याची पद्धत. ही ओळख आकारावरून पटत नाही, आघातांच्या क्रमावरून पटते. अकीक, चकमक यांसारख्या सूक्ष्मकणी दगडाच्या कडेवर गोट्याने टोला दिला की छिलका सुटतो. त्याच्या आतल्या अंगाला, टोला बसलेल्या जागेखाली, बोटाला जाणवेल असा फुगवटा येतो व तिथून अर्धवर्तुळाकार लहरी उमटतात. मूळ दगडावर, म्हणजे गाभ्यावर, त्याच मापाची खोलगट खूण उरते.

पुरात दगड दगडावर आपटूनही असा छिलका निघतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच एकटा छिलका पुरावा ठरत नाही. आल्फ्रेड बार्न्स यांनी १९३९ साली सुचवलेली कसोटी संपूर्ण संचाला लावायची असते : छिलके निघालेल्या कडांचे कोन मोजावेत आणि त्यांत काटकोनाहून मोठे कोन पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नसतील, तरच संच माणसाचा मानावा. नदी वाटेल त्या कोनातून आपटते. घडवणारा मात्र लघुकोनाची कड शोधतो. हातकुऱ्हाडीत दोन्ही अंगांवरच्या खुणा एकमेकींना छेदत एकाच धारेकडे येतात. दख्खनच्या बेसॉल्ट व डोलेराइटवर फुगवटा अस्पष्ट असतो आणि झीजही फार होते. तिथे आघातांचा हा क्रमच मुख्य आधार. खडी-यंत्रातल्या तुकड्यावरही टोल्याच्या खुणा असतात, पण त्यांची मोड ताजी व काळी असते. जुन्या हत्याराच्या सर्व खुणांवर काळाने चढवलेले पुट दिसते.

उरतो तो शेवटचा पुरावा, जागेचा. नेवाशाजवळ चिरकी नाल्याकाठी गुडरून कोर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन करून हत्यारे त्यांच्या थरांसह नोंदवली. म्हणून त्या हत्यारांविषयी बोलता येते. पृष्ठभागावरचा दगड आधीच जागेवरून हललेला असतो, मग तो उचलला तर काय बिघडते, असे विचारले जाते. बिघडते ते असे, की गाभ्याशेजारी पडलेले छिलके त्यावर जुळले तर हत्यार तिथेच घडले हे सिद्ध होते. एक छिलका जरी खिशात गेला, तरी ती जुळणी कायमची तुटते. म्हणून मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपावी, दगड तिथेच राहू द्यावा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. ओळखण्याचे काम दगड हाती घेऊन सुरू होते, पण तो जिथे होता तिथे ठेवल्यानेच पुरे होते.