न झालेला हल्ला मोजायचा कसा?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय ना? मग एक प्रश्न आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच: "तुमचा कंट्रोल काय?" मी विज्ञानाचा विद्यार्थी. एका नमुन्याला रसायन द्यायचं, शेजारच्याला नाही, आणि फरक बघायचा, ही सवय एम.एस्सी.पासून हाडीमाशी खिळलेली. इतिहास वाचायला लागलो तेव्हा ती पहिल्यांदा अडखळली. कारण तिथे कधी कधी जे घडलंच नाही, त्याचं कारण शोधायचं असतं. आज अशाच एका प्रकरणाबद्दल बोलू.

ठिकाण ग्वाटेमाला. १९६० ते १९९६ या यादवीत तिथे दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. जून १९८४ मध्ये बेपत्ता लोकांच्या नातेवाइकांनी 'परस्पर आधार गट' स्थापन केला. मागणी एकच, आमची माणसं कुठे आहेत ते सांगा. निनेथ मोंतेनेग्रो ही त्यातली एक. तिचा नवरा एदगार फर्नांदो गार्सिया हा विद्यार्थी आणि कामगार नेता. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला रस्त्यातून उचललं होतं.

मार्च १९८५ मध्ये लष्करी राज्यप्रमुखाने या गटावर जाहीर आरोप केले. महिनाअखेरीस गटाचा कार्यकर्ता एक्तोर गोमेस याचं अपहरण होऊन खून झाला. त्याच्या अंत्यविधीत बोललेली रोसारिओ गोदॉय ४ एप्रिलला गाडीत मृतावस्थेत सापडली. सोबत तिचा भाऊ होता आणि दोन वर्षांचा मुलगा. सरकार म्हणालं, अपघात.

आता उरलेल्या नेत्यांचं काय? इथे 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' ही संस्था पुढे आली. ती १९८१ मध्ये कॅनडातल्या ग्राइंडस्टोन बेटावर स्थापन झाली, आणि त्या बैठकीला आपले नारायण देसाई हजर होते. विनोबांनी १९५७ मध्ये उभ्या केलेल्या शांतिसेनेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. संस्थेने ग्वाटेमालात जे केलं त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: सोबत. रात्री एकटं असलं की आपण कुणालातरी सोबतीला बोलावतो ना, तसंच. परदेशी स्वयंसेवक, हातात शस्त्र नाही, फार तर कॅमेरा. निनेथ आणि इतर नेत्यांबरोबर घरी, बाजारात, मोर्चात, चोवीस तास. गटाच्या निर्णयांत मात्र त्यांनी लुडबुड करायची नाही, हा नियम.

यात ताकद कसली? स्वयंसेवक गोळी अडवू शकत नाही. पण तो बघतो, आणि त्याने बघितलेलं त्याच्या देशापर्यंत पोचतं. तिथून तारा, फोन, पत्रं सुरू होतात. परदेशी मदत आणि चांगली प्रतिमा हवी असलेल्या राजवटीला हे महागात पडतं. यातली बोचणारी बाजूही लक्षात घ्या. परदेशी पासपोर्टवाल्याच्या जिवाची किंमत जास्त धरली जाते, म्हणूनच हे चालतं.

निनेथ वाचली. १९९५ मध्ये संसदेवर निवडूनही आली. मग सिद्ध झालं का, की सोबतीमुळे वाचली? थांबा. जानेवारी १९८६ मध्ये तिथे निवडून आलेला नागरी अध्यक्ष सत्तेवर आला होता. फरक त्यामुळेही पडला असेल. आणि तिला सोबत न देता काय होतंय ते बघू, असा कंट्रोल कुणी घेऊच शकत नाही.

लियाम महोनी आणि एन्रिके एगुरेन यांनी १९९७ च्या पुस्तकात यावर एक वाट काढली. त्यांनी फक्त कार्यकर्त्यांना विचारलं नाही, लष्करी अधिकाऱ्यांच्याही मुलाखती घेतल्या. कारण हल्ला 'न होणं' हा सुद्धा कुणाचातरी निर्णय असतो आणि तो निर्णय घेणारा माणूस समोरच्या बाजूला बसलेला असतो. दोघंही लेखक या संस्थेशी जोडलेले होते, हे वाचताना विसरू नका. आणि सोबत अपयशी ठरण्याच्या जवळ गेली ते प्रसंगही बघा. १९८९ मध्ये संस्थेच्या घरावर बाँब फेकला गेला, नंतर तीन स्वयंसेवकांवर चाकूहल्ला झाला. कुणी दगावलं नाही, काम थांबलं नाही. पण कॅमेऱ्याची भीती सगळ्यांनाच वाटते असं नाही, हे कळलं.

दुसरी वाट म्हणजे कागद. जुलै २००५ मध्ये ग्वाटेमाला शहरात पोलिसांचं जुनं दफ्तर सापडलं, सुमारे ८ कोटी पानांचं. असं काही दफ्तर आहे हेच सरकार नाकारत आलं होतं. एवढी पानं वाचणार कोण? म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक नमुना घेतला. २०१० मध्ये गार्सियाच्या खटल्यात त्यांचं विश्लेषण न्यायालयात मांडलं गेलं. पोलिसांच्या सन्मानाची शिफारस करणारे त्यांचेच कागदही पुढे आले. दोन माजी पोलिसांना प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना कंट्रोल मिळत नसेल तर विषय टाकून देऊ नका. तीन गोष्टी लिहून काढा: निर्णय कोणाच्या हातात होता, त्याची नोंद कुठे राहिली असेल, आणि माझ्या स्पष्टीकरणाला दुसरा पर्याय कोणता.

गार्सियाचे अवशेष त्या निकालापर्यंत सापडलेले नव्हते. पण त्याला कोणी नेलं, हे विचारायला त्याची बायको २६ वर्षांनंतरही जिवंत होती. सोबतीचं मोल मोजताना हेही हिशोबात धरा.