श्रवणातून वाचनाकडे : सार्वजनिक ग्रंथालयांतील बालकथांचा तास

आपल्या धर्मग्रंथांस 'श्रुत' असे नाव आहे. श्रुत म्हणजे ऐकलेले. भगवंतांची वाणी कित्येक शतके गुरुमुखातून शिष्याच्या कानी गेली. स्मरणशक्ती क्षीण होत चालल्याचे पाहून गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेन यांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला, असे परंपरा सांगते. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस आपण श्रुतपंचमी साजरी करतो, ती याच स्मरणार्थ. आधी श्रवण, मग ग्रंथ, हा क्रम आपल्याला नवा नाही. सार्वजनिक ग्रंथालयांना मात्र तो उमजण्यास बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांत बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसे. ग्रंथालय म्हणजे शांतता आणि मूल म्हणजे गोंगाट, असा सरळ हिशेब होता. शतक संपता संपता तो बदलू लागला. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये १८९६ साली मुलांसाठी खास दालन उघडले. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात १८९९ पासून कथांचा तास भरू लागला. १९०६ मध्ये अ‍ॅन कॅरोल मूर यांनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाची सूत्रे घेतली आणि कथाकथन हे ग्रंथपालाच्या नित्यकर्माचा भाग बनले. तेथे कथेच्या आरंभी मेणबत्ती लावीत व शेवटी मुले मनात इच्छा धरून ती फुंकीत. ज्योत फुंकून विझविणे आपल्या संस्कारांत बसणारे नाही. परंतु कथेला एक पवित्र वेळ असते, ही त्यामागील भावना आपल्या पाठशाळेतील मुलांनाही समजेल.

याच ग्रंथालयातील पुरा बेलप्रे यांची हकीकत विशेष मननीय आहे. प्वेर्तो रिको बेटावर जन्मलेल्या या स्त्रीने १९२१ मध्ये हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत नोकरी धरली. भोवती स्पॅनिश बोलणारी कुटुंबे येऊन राहत होती. परंतु मुलांसाठी कथा सांगितल्या जात त्या इंग्रजीतून. आजीच्या तोंडून ऐकलेल्या आपल्या बेटाच्या लोककथा त्यांनी कपाटांत शोधल्या. तेथे एकही नव्हती. मग त्या कथा त्यांनी स्वतः लिहिल्या, अनुमती मिळवून स्पॅनिशमधून सांगितल्या, पुढे बाहुल्यांचे खेळही केले. झुरळीण आणि उंदीर यांची त्यांची कथा १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आली. जे मूल आईच्या भाषेमुळे उंबरठ्यावर थबकत होते, ते आता आईसह आत येऊ लागले. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलानातवंडांची मराठी आणि स्तवने कितपत टिकतील, या चिंतेत असणाऱ्या घरांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे सारे तास प्रामुख्याने शाळकरी मुलांचे होते. अक्षरओळख नसलेल्या बालकांकडे लक्ष गेले ते १९३५ च्या सुमारास. डेट्रॉइटच्या ग्रंथालयात शाळापूर्व मुलांसाठी कथा सुरू झाल्या, तर ओहायोतील यंग्स्टाउन येथे मातांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला गेला. मुलाच्या वाचनाची सुरुवात आईपासून होते, हा तेथील ग्रंथपालाचा विचार होता.

आपल्याकडे या बाबतीत बडोद्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयात बालविभाग निघाला. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी गेली. ग्रंथालयांसाठी कायदा करण्यात कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये आघाडी घेतली. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा.

संगीत या तासांत सर्वांत लहानांसाठीही आले. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेट्सी डायमंट-कोहेन यांनी मांडीवरच्या बाळांसाठी अर्ध्या तासाचा उपक्रम रचला. त्याचा पाया कॅनडातील संगीतशिक्षिका बार्बरा कास-बेग्ज यांच्या पद्धतीत होता. बडबडगीते, टाळ्या, घंटा, लहानसा ढोल, मध्येच एखादे चित्रपुस्तक. त्यातील सुमारे ८० टक्के भाग दर आठवड्यास तोच ठेवावयाचा आणि थोडाच नवा घालावयाचा, हा त्याचा मुख्य नियम. मोठ्यांना पुनरावृत्तीचा कंटाळा येतो. बाळाला मात्र पुढचा शब्द आधीच ठाऊक असल्याचा आनंद होतो. गाण्यात शब्दांचे तुकडे सावकाश, वेगवेगळे ऐकू येतात आणि अक्षरे जुळविताना तीच ओळख कामी येते. २०११ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने बालसाक्षरतेच्या पाच कृती सांगितल्या : बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे. महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी मंदिरात पाळणा म्हणणाऱ्या भगिनींच्या मांडीवरील बाळे यांपैकी दुसरी कृती ग्रंथालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच शिकत आली आहेत.