विमानांतला तिसरा वर्ग

प्रवासाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा पहिल्याचीच नोंद करतात. समुद्र प्रथम कोणीं ओलांडला, आकाशांत प्रथम कोण उडालें, अमक्या शहराहून तमक्या शहरास पहिलें विमान कोणत्या तारखेस निघालें, हें शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतें. परंतु बेताच्या मिळकतीच्या मनुष्याला त्याच वाहनांत ज्या दिवशीं जागा मिळाली, तो दिवस कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. आज मला त्या विसरलेल्या दिवसाविषयीं बोलावयाचें आहे. आंतरराष्ट्रीय विमानांत जो सर्वांत स्वस्त वर्ग असतो, ज्याला व्यवहारांत 'इकॉनॉमी क्लास' म्हणतात, तो कसा निर्माण झाला, त्यानें आपल्या लोकांचें काय कल्याण केलें, आणि त्याचें उरलेलें भाडें शरीरानें कसें भरावें लागतें, एवढाच या भाषणाचा विषय आहे. सारें आयुष्य वर्गांतच गेलेल्या मास्तराला वर्गांचा इतिहास सांगण्याचा थोडासा अधिकार असावा, अशी माझी समजूत आहे.

विमानापूर्वीं परदेशगमन म्हणजे समुद्रगमन. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कास उतरल्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीनें जवळजवळ दोन महिने पाण्यावर काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेले, ते श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं शिष्यवृत्ति दिली म्हणून. बुद्धि झोंपडींत जन्मली तरी तिला समुद्रापार जाण्यासाठीं राजवाड्याचा आधार लागे, असा तो काळ होता. सामान्य मराठी मनुष्य बोटीवर दिसे तो बहुधा नोकरींत. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि भोजनगृहांत गोंवेकर वाढपी, हा आमचा त्या वैभवांतला वांटा होता.

जमिनीवरील प्रवासांत मात्र सामान्य मनुष्याला आगगाडीनें फार पूर्वींच जागा दिली होती. ती जागा कशी होती हें महात्मा गांधींनीं जगाला सांगितलें. दक्षिण आफ्रिकेहून १९१५ सालीं परत आल्यावर ते तिसऱ्या वर्गानें देशभर हिंडले, आणि १९१७ सालीं हिंदी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर त्यांनीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. गर्दी, घाण आणि उतारूंची हेळसांड यांचें वर्णन करून, पैसा देणाऱ्या या बहुसंख्य उतारूंना मिळतें काय, असा सरळ प्रश्न त्यांनीं विचारला. रेल्वेंतून 'तिसरा वर्ग' हें नांव १९७४ सालीं गेलें. पण गांधीजींची कसोटी राहिली. वाहनाची योग्यता त्याच्या शेवटच्या डब्यावरून ठरवावी, ही ती कसोटी. हीच कसोटी आपण विमानाला लावून पाहूं.

इंग्लंडहून हिंदुस्थानांत येणारी नियमित विमान-वाहतूक ३० मार्च १९२९ रोजीं सुरू झाली. इंपीरियल एअरवेज या कंपनीनें लंडनहून कराचीला आणून सोडण्याचे १३० पौंड ठेवले होते. प्रवासास सात दिवस लागत, आणि मध्यें कांहीं मजल आगगाडीनेंहि करावी लागे. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे लहानसें विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरले. त्या विमानांत टपाल होतें, उतारू नव्हते. हिंदुस्थानच्या आकाशांत मनुष्याच्या आधीं पत्राला जागा मिळाली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून लंडनला निघालें. चार पंख्यांचें लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचें तें विमान कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत सुमारें पांच हजार मैलांचें अंतर एका दिवसांत कापून गेलें. त्यांत पस्तीस उतारू होते, आणि स्वतः जे. आर. डी. हि होते. कंपनीनें जाहिरातींत भाडें १,७२० रुपये सांगितलें होतें. प्राथमिक शिक्षकाच्या सबंध वर्षाच्या पगारांत न बसणारी ही रक्कम होती. आनंदीबाईंच्या दोन महिन्यांचा आतां एक दिवस झाला होता, परंतु तो दिवस विकत घेणारे लोक मोजकेच होते.

याच सुमारास आमच्या नागपुरास एक निराळा प्रयोग चालला होता. नागपूर हें देशाच्या मध्यावर असल्यामुळें १९४९ सालीं रात्रींच्या विमान-टपालाचें केंद्र तेथें करण्यांत आलें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्रीं डाकोटा विमानें निघत, मध्यरात्रीं सोनेगांवच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहांटेच्या सुमारास आपापल्या गांवीं परतत. त्यांतून उतारूहि जात. त्याच वर्षीं एप्रिलपासून देशांतलीं साधीं पत्रें जादा आकार न घेतां विमानानें नेण्याची पद्धति सरकारनें सुरू केली. म्हणजे काटोलच्या संत्र्यांच्या बागाईतदारानें मद्रासच्या आडत्याला लिहिलेलें पत्र आणि दिल्लीच्या एखाद्या श्रीमंताचें पत्र एकाच थैलींतून, एकाच दरानें उडूं लागलें. स्वस्त वर्गाचें तत्त्व टपालखात्यानें असें आधींच अमलांत आणलें होतें. मनुष्याला तें लाभावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं.

त्या मधल्या काळांतील एक दुःखद घटना येथें सांगितली पाहिजे. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं तेंच 'मलबार प्रिन्सेस' विमान जिनीव्हाकडे जात असतां आल्प्स पर्वताच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलें आणि आंतील अठ्ठेचाळीसहि माणसें मरण पावलीं. त्यांतले बहुतेक उतारू हिंदी खलाशी होते, इंग्लंडांतल्या बोटीवर कामास रुजू होण्यासाठीं निघालेले. जें विमान अडीच वर्षांपूर्वीं प्रतिष्ठितांना घेऊन समारंभानें उडालें, त्याच्या शेवटच्या यादींत कष्टकऱ्यांचीं नांवें होतीं. समारंभाची तारीख इतिहासांत ठळक आहे. ही यादी तितकी ठळक नाहीं. परंतु लांब पल्ल्याच्या विमानांत आमचा गरीब मनुष्य केव्हां बसला या प्रश्नाचें उत्तर शोधतांना त्या बर्फापुढें क्षणभर थांबावेंच लागतें.

स्वस्त वर्ग औपचारिक रीतीनें सुरू झाला तो १९५२ सालीं. त्या काळीं आंतरराष्ट्रीय भाडीं कंपन्यांच्या संघांत ठरत आणि सरकारांच्या संमतीनें लागू होत. एकट्या कंपनीला मनास येईल तसें भाडें उतरवितां येत नसे. म्हणून सर्वांनीं मिळून १ मे १९५२ पासून न्यूयॉर्क-लंडन या अटलांटिक महासागरावरील मार्गावर 'टूरिस्ट' वर्ग चालू केला. जाण्यायेण्याचें भाडें ४८६ डॉलर झालें. खुर्च्या जवळजवळ आल्या, जेवण साधें झालें, आणि पूर्वीं विमानाकडे मान वर करून पाहणारे शिक्षक, कारकून व लहान व्यापारी तिकिटाच्या खिडकीशीं येऊं लागले. त्याहूनहि स्वस्त असा 'इकॉनॉमी' वर्ग १ एप्रिल १९५८ ला आला.

या नव्या वर्गाबरोबर एक गंमतीचा तंटाहि उद्भवला. स्वस्त भाड्याच्या उतारूला साध्या सँडविचपलीकडे कांहीं देऊं नये, असा नियम संघानें केला होता. युरोपांतल्या कांहीं कंपन्यांनीं सँडविच या नांवाखालीं पावाच्या तुकड्यावर मांस, मासे, चीज आणि फळभाज्या यांची अशी रास रचली कीं खालचा पाव दिसेना! अमेरिकन कंपनीनें तक्रार केली, आणि सँडविच कशास म्हणावें याचा निवाडा करण्यासाठीं मोठमोठे अधिकारी बसले. आपण हंसून सोडून देऊं, पण त्या वादाच्या तळाशीं एक कठोर कल्पना होती. स्वस्त वर्गांत सुख फार वाढलें तर महाग वर्गांत कोण बसेल, ही ती भीति. ती त्या काळापासून आजपर्यंत गेलेली नाहीं, आणि स्वस्त वर्गाच्या कित्येक गैरसोयींचें मूळ पैशाच्या अडचणींइतकेंच या भीतींतहि आहे.

पुढची प्रगति यंत्रानें केली. एअर इंडियानें १९६० सालीं बोइंग ७०७ हीं जेट विमानें घेतलीं आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत न्यूयॉर्कपर्यंत मजल मारली. १९७१ सालीं 'एम्परर अशोक' हें पहिलें जंबो विमान आलें. त्याच्या खिडक्यांभोंवतीं राजवाड्याच्या झरोक्यांसारखी नक्षी रंगविली होती. पण त्या गगनमहालाचें खरें महत्त्व नक्षींत नसून गणितांत होतें. पस्तीस माणसांच्या उड्डाणाचा खर्च तीनशेंहून अधिक माणसांत वांटला गेला म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास किती येतो, हें त्रैराशिक शाळेंतला मुलगाहि सोडवील. वैमानिक चौपट लागत नाहींत, धांवपट्टी तीच असते, आणि वेग वाढल्यामुळें तेंच विमान आठवड्यांत अधिक खेपा करतें. स्वस्ताई कोणाच्या औदार्यानें आली नाहीं. ती भागाकारानें आली.

आणि त्या भागाकारानें आमच्या समाजाचा नकाशा बदलला. तेलाच्या पैशानें आखाती देशांत कामें निघालीं, तेव्हां गवंडी, सुतार, वीजतंत्री, परिचारिका विमानानें जाऊं लागल्या. या लोकांचा विमानाशीं संबंध किती जिवाचा आहे, हें १९९० सालीं दिसलें. इराकनें कुवेत गिळंकृत केल्यावर तेथील हिंदी लोक वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या अम्मान शहरीं गोळा झाले. एअर इंडियाच्या पुढाकारानें ५९ दिवसांत ४८८ उड्डाणें झालीं आणि १ लाख ११ हजारांहून अधिक माणसें मायदेशीं आणलीं गेलीं. बोट फार दिवस घेते. स्वस्त वर्गासाठीं बांधलेल्या विशाल विमानांनीं हें काम केलें. घरदार सोडून निघालेल्या मनुष्याला पाय लांब करावयास जागा आहे कीं नाहीं, हा विचार त्या दिवसांत सुचलाहि नसेल. जागा मिळणें हीच श्रीमंती होती.

आतां दुसरी बाजू. भागाकारांत भाजक वाढवीत गेलें कीं भागाकार लहान होतो, हें जसें पैशाला लागू तसेंच जागेलाहि. पहिल्या जंबो विमानांत स्वस्त वर्गाच्या एका ओळींत नऊ खुर्च्या असत. लवकरच त्या दहा झाल्या. बोइंग ७७७ या विमानांतहि अनेक कंपन्यांनीं नवाच्या दहा केल्या. विमानाची रुंदी वाढली नव्हती. ती दहावी खुर्ची नऊ माणसांच्या खांद्यांतून काढलेली आहे. अमेरिकेच्या कायदेमंडळाला २०१८ सालीं खुर्चीचें किमान माप ठरविण्याचा आदेश द्यावा लागला, यावरून गोष्ट कोठवर गेली होती तें कळेल. आणि सिंगापूरहून न्यूयॉर्कला अठरा तासांहून अधिक उडणाऱ्या विमानांत सिंगापूर एअरलाइन्सनें हा स्वस्त वर्ग ठेवलेलाच नाहीं.

एका जागीं तासचे तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यानें पोटरींतील शिरांत रक्त गोठूं शकतें, हें बोस्टनचे शस्त्रवैद्य जॉन होमन्स यांनीं १९५४ सालींच लिहून ठेवलें. १९७७ सालीं या विकाराला 'इकॉनॉमी क्लास'चेंच नांव मिळालें. नांव पूर्णपणें न्याय्य नाहीं, कारण महाग खुर्चींत किंवा मोटारींतहि निश्चल बसणाऱ्यास तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाप्रमाणें चार तासांहून लांब प्रवासांत हा धोका सुमारें दुप्पट होतो. तरी तो सुमारें सहा हजारांत एकासच संभवतो. घाबरण्यासारखें त्यांत नाहीं, पण दुर्लक्ष करण्यासारखेंहि नाहीं. शिवाय विमानांतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतकी विरळ, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनहि विरळ, आणि अतिशय कोरडी असते. घसा सुकतो, अन्नाची चव मंदावते.

हा तपशील मीं मुद्दाम देत आहें, कारण आज त्या मधल्या खुर्चींत कोण बसलेलें असतें? काटोल, नरखेड, सावनेर अशा गांवांतले आईबाप, मुलीच्या बाळंतपणासाठीं किंवा नातवाचें तोंड पाहण्यासाठीं प्रथमच देशाबाहेर निघालेले. पिशवींत दशम्या आणि कोरडी चटणी असते. शेजारचा परका मनुष्य झोंपला आहे, त्याला उठवावें कसें, या संकोचानें बाई चौदा चौदा तास पाणी पीत नाहींत, कारण पाणी प्यालें कीं उठावें लागेल. हा संकोच आमच्या संस्काराचा भाग आहे, पण विमानांत तो अपायकारक आहे. अशा मातापित्यांना मुलांनीं तिकिट पाठवितांना दोन गोष्टी अवश्य सांगाव्या. खुर्ची शक्य तों वाटेकडची मागावी. आणि दर तास दोन तासांनीं उठावें, चालावें, पाणी प्यावें. बसल्या जागीं टांचा उचलून पोटऱ्या हालवाव्या. उठून जाणें हा तिकिटांत मोजलेला हक्क आहे, उपकार नव्हे.

आज त्या लांब पल्ल्याच्या विमानांशीं आमच्या जिल्ह्याचा संबंध पुन्हा जडला आहे. नागपूरच्या मिहान भागांत २०१५ सालापासून बोइंग विमानांची दुरुस्ती व तपासणी होते. ज्या सोनेगांवास एके काळीं टपालाच्या थैल्या बदलल्या जात, त्याच्या शेजारीं महासागर ओलांडणाऱ्या विमानांचे नट-बोल्ट तपासले जातात. या सर्व इतिहासाचा निष्कर्ष मला असा दिसतो. स्वस्त वर्गाला नांवें ठेवणें सोपें आहे. पण तो नसता तर आमच्या गांवची मुलगी आजहि एखाद्या महाराजांच्या शिष्यवृत्तीची वाट पाहत राहिली असती, आणि तिची आई पत्रांतूनच नातवंडें ओळखती. म्हणून हा वर्ग टिकला पाहिजे आणि स्वस्तच राहिला पाहिजे. मात्र भाडें कमी दिलें म्हणून उतारूचें माणूसपण कमी होत नाहीं. चार बोटें अधिक जागा, मागतां क्षणीं पाणी, आणि वृद्धाशीं दोन आदराचे शब्द, एवढें शेवटच्या ओळींत पोंचलें, तर गांधीजींच्या कसोटीस विमान उतरलें असें म्हणतां येईल.