विंचू, नसा आणि एक गोळी

महाड-पोलादपूरकडे विंचू चावणं यात कुणाला नवल वाटत नसे. भाताचे भारे, लाकूडफाटा, कौलं, दगडांच्या फटी, सगळीकडे त्याचं बस्तान. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घ्यायचा तो छोटा लाल विंचू. 1961 ते 1983 या काळातल्या पश्चिम भारतातल्या नोंदींनुसार या दंशाने फुप्फुसात पाणी होऊन 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत.

सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. तेव्हाचे उपचार म्हणजे गुंगीची औषधं, अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड. तरीही पेशंट जातच होते. बावस्कर खाटेशेजारी बसून नोंदी करत राहिले. आधी उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. मग चढलेलं ब्लडप्रेशर. शेवटी धाप आणि तोंडाला फेस. धोक्याच्या या पूर्वखुणा त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडल्या.

यामागचं गणित असं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात. पाठीच्या कण्यालगत चेतापेशींच्या गाठी असतात, त्यांना गँग्लिया म्हणतात. वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसांच्या गाठी वेगळ्या आणि रक्तवाहिन्यांना 'आवळा' असा हुकूम देणाऱ्या सिम्पथेटिक नसांच्या वेगळ्या. हा हुकूम रसायनाच्या रूपात येतो आणि वाहिनीवरच्या अल्फा रिसेप्टरवर पोचतो. लाल विंचवाचं विष नसांमधले सोडियमचे दरवाजे बंदच होऊ देत नाही. हुकूम सुटत राहतो, अंगभर वाहिन्या आवळतात, म्हणून पाय गार. हृदयाला चिंचोळ्या नळ्यांमधून रक्त रेटावं लागतं. ते थकलं की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि तिथे पाणी होतं.

म्हणजे नुसती वेदना शमवून भागणार नव्हतं, आवळलेल्या वाहिन्या सोडवायला हव्या होत्या. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे काम करतं, पण त्याला सलाईन लागतं आणि मिनिटामिनिटाला ब्लडप्रेशर बघावं लागतं. खेड्यातल्या दवाखान्यात ते कसं जमणार? प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी नेमकी अल्फा रिसेप्टर अडवते, आणि ती तोंडाने देता येते. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी तिचा अनुभव 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिला. प्राझोसिन आल्यावर मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे विंचवाची लसही आली. 70 रुग्णांवर महाडमध्ये झालेली त्यांची चाचणी 2011 साली 'बीएमजे'त छापली गेली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा लस आणि प्राझोसिन मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. 2022 साली डॉ. हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

मोठ्या लॅबशिवाय हे घडलं, कारण कुणीतरी पेशंटचे पाय हात लावून पाहत होतं. औषध आता आहे, प्रश्न वेळेचा आहे. दंशानंतर घाम, उलटी आणि गार पाय दिसले तर मंत्र-अंगाऱ्यात तास घालवू नका. गोळी मनाने देऊ नका, थेट दवाखाना गाठा.