'भ्रूणहत्या' : एका शब्दाचा वृत्तपत्रीय प्रवास

'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला इतका सवयीचा झाला आहे, की त्यात एक निवाडा आधीच दडलेला आहे हे सहसा ध्यानात येत नाही. 'गर्भपात' म्हटले की एक घटना समोर येते. 'हत्या' म्हटले की मारणारा, मरणारा आणि गुन्हा हे सारे एकदमच हजर होतात.

मूळ शब्द जुना आहे. धर्मसूत्रांत भ्रूणहत्या हे घोर पातक. गंमत अशी, की काही ठिकाणी 'भ्रूण' म्हणजे विद्वान ब्राह्मणही, आणि त्याचा वध करणारासुद्धा 'भ्रूणहा'च. गर्भ जिच्या उदरात आहे तिचा विचार या शब्दाच्या घडणीत कुठेच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात चर्चेतला शब्द 'बालहत्या' होता. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नावात 'हत्या' होती खरी, पण विधवेने गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे असे आवाहन त्यामागे होते. बोट रूढीकडे होते. वृत्तपत्रांचे बोट मात्र बाईकडेच जाई. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (अपिलात ती कमी झाली). त्या निमित्ताने 'पुणेवैभव'ने स्त्रियांच्या नीतिमत्तेवर तोंडसुख घेतले आणि १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. आपण तिला आद्य स्त्रीवादी ग्रंथ म्हणून शिकवतो, ते योग्यच. परंतु वृत्तपत्रीय भाषेला दिलेले उत्तर म्हणूनही ती वाचायला हवी.

पुढे शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालानंतर १९७१ चा कायदा आला. त्याच्या इंग्रजी नावात 'गर्भधारणेची वैद्यकीय समाप्ती' अशी कोरडी, निर्विकार शब्दयोजना आहे. मराठीत तो 'वैद्यकीय गर्भपात कायदा' झाला.

खरी गुंतागुंत १९८० नंतरची. मुंबईत गर्भजल परीक्षेविरुद्ध जे आंदोलन उभे राहिले, त्यातील मंचाच्या नावात 'लिंगनिदान' आणि 'लिंगनिवड' हे शब्द होते, 'गर्भपात' नव्हता. ही निवड जाणीवपूर्वक असावी असे मला वाटते, कारण गर्भपाताचा हक्क शाबूत ठेवून लिंगनिवडीला विरोध करायचा होता. त्यातून १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा झाला, देशातला पहिला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याच्या प्रस्तावनेत स्त्रीभ्रूणहत्येचा उल्लेख आहे, पण शिक्षा आहे ती लिंग तपासण्याला, ते सांगण्याला आणि त्याच्या जाहिरातीला.

बातमीत हा भेद टिकला नाही. राज्यातील ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३, २०११ साली ८९४, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. आकडे भयंकरच होते. त्यांच्यासोबत खुडलेल्या कळ्यांची रूपके आली आणि 'गर्भ'ऐवजी सर्रास 'अर्भक' आले, जो शब्द मराठीत जन्मलेल्या मुलाचा आहे. सोनोग्राफीत लिंग कळते तोवर वैद्यकीय अर्थाने तो 'भ्रूण'ही राहिलेला नसतो, कारण ती अवस्था आठव्या आठवड्याच्या सुमारास संपते. पण एवढी काटेकोर भाषा कोणता वार्ताहर वापरणार?

परिणाम शब्दापुरता राहिला नाही. २०१२ च्या परळी प्रकरणानंतर गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाची करडी नजर गेली आणि अनेक विक्रेत्यांनी त्या ठेवणेच सोडले. या गोळ्या पहिल्या सात ते नऊ आठवड्यांत घ्यायच्या असतात. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. लिंगनिवडीशी ज्यांचा संबंध नाही अशा गोळ्या दुकानातून गेल्या, आणि त्या मागायला आलेली बाई संशयित ठरली.