बैठकीची खोली

तरुणांचा एकटेपणा ही आजची व्याधी, आणि त्यावर मंडळे-मेळावे काढण्याची युक्तीही आजचीच, असा समज पुष्कळांचा आहे. श्रोतेहो, आम्हांला तो मान्य नाही. मुंबईच्या गिरणगावाने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला होता.

१८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे कोकणातून, घाटावरून विशी-पंचविशीचे गडी एकटेच येऊ लागले. बायको, आईबाप, शेताचा तुकडा गावी. एका गावची मंडळी मिळून खोली घेत. तिला बैठकीची खोली म्हणत. एवढी माणसे तीत मावत कशी? पाळ्यांमुळे! रात्रपाळीचा परतला की दिवसपाळीचा वळकटी गुंडाळून निघे. मालमत्ता म्हणजे एक ट्रंक नि भिंतीतली खुंटी. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पैसे पगाराला. (या बाया पुढे १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झाल्या.)

नवखा पोरगा आला की त्याला कोणी 'मन मोकळे कर' म्हणत नसे. त्याच्या हाती टाळ देत, लेझीम देत, गणपतीच्या वर्गणीला पिटाळीत. तो आजारी पडला तर गावकीची मंडळीच धावत.

तथापि या सोबतीला कुंपण होते. गावकी म्हटली की जातही आलीच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीवर विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा आमच्या चळवळीलाही मान खाली घालावी लागली. कुंपण ओलांडणारी सोबत निराळीच होती: १९११ साली ना. म. जोशींनी काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगची वाचनालये व रात्रशाळा, नंतर लाल बावटा कलापथक.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि गिरण्यांबरोबर हे जगही विस्कटले.

आज आमच्या कचेरीत मोटारसायकलवरून माल पोचवणारी पोरे येतात. चौघांत एक खोली, पण भाडे सोडले तर सारे ज्याचे त्याचे. कचेरीत कॅरमचा बोर्ड ठेवला, दोघे आले. आजारपणासाठी सामाईक पेटी काढली, तर अठरा आले, आणि हिशेब कोणी ठेवायचा यावरून तासभर भांडले.